हलवायाच्या घरावर तुळशीपत्र

मुंबईच्या चोरबाजारात घासाघीस करताना निदान नावावरून तरी आपण सावध असतो. इथे हॅरोत बसून इंटरनेटवर जुनी सायकल किंवा लॅपटॉप घेताना तसे काही होत नाही. फोटो झकास, विकणारा गोड बोलणारा, किंमतही संशय यावा इतकी कमी नाही. आणि एक दिवस पोलिस सांगतात, की वस्तू चोरीची आहे, ती आम्ही नेतो.

अशा वेळी आपली मंडळी गप्प बसतात. "कशाला त्या भानगडीत पडा! गेले चारशे पौंड, अक्कलखाती जमा." व्हिसाची, पासपोर्टची धास्तीही असते म्हणा. पण १९६८ च्या थेफ्ट अ‍ॅक्टप्रमाणे चोरीचा माल बाळगण्याचा गुन्हा होतो तो माल चोरीचा आहे हे ठाऊक असले, किंवा मनाची तशी खात्री असली, तर. नकळत घेणारा गुन्हेगार नव्हे. मात्र कळल्यावर वस्तू गुपचूप दुसऱ्याच्या गळ्यात मारू नये.

वस्तू मूळ मालकाकडे जाते. चोराने ती विकणे म्हणजे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र! पूर्वी याला एक गमतीदार अपवाद होता. भरल्या बाजारात, सूर्योदय ते सूर्यास्त या वेळात, सद्हेतूने घेतलेला माल घेणाऱ्याचाच होई. १९७० मध्ये लंडनच्या साउथवर्कमधल्या बाजारात एकाने भल्या पहाटे चोरीचे जुने मेणबत्तीदान दोनशे पौंडांना घेतले. सूर्य उगवला नव्हता, म्हणून लॉर्ड डेनिंग यांच्या कोर्टाने १९७३ मध्ये ते मूळ मालकाला दिले. १९९४ च्या कायद्याने हा अपवादच रद्द झाला.

मग पैशांचे काय? इथे १९२३ चा 'राउलंड विरुद्ध डिव्हॉल' हा निकाल वाचण्यासारखा आहे. राउलंड या मोटार-विक्रेत्याने ३३४ पौंडांना गाडी घेतली, रंगवली आणि एका कर्नलला चारशेला विकली. काही महिन्यांनी चोरीची म्हणून ती पोलिसांनी नेली. राउलंडने कर्नलचे पैसे परत केले आणि स्वतःचे डिव्हॉलकडे मागितले. "गाडी वापरली, त्याचे काय?" हा युक्तिवाद अपील कोर्टाने मानला नाही. मालकी मिळाली नाही म्हणजे काहीच मिळाले नाही, सबब पूर्ण ३३४ पौंड परत. मला हा निकाल फार आवडतो. इतका सरळ हिशेब कायद्यात क्वचित दिसतो.

आज दुकानदाराकडून घेतले असेल तर २०१५ चा कन्झ्युमर राइट्स अ‍ॅक्ट, आणि खाजगी माणसाकडून घेतले असेल तर १९७९ च्या सेल ऑफ गुड्स अ‍ॅक्टचे बारावे कलम आपल्या बाजूने आहे. "जसे आहे तसे, पैसे परत नाहीत" असे जाहिरातीत छापून मालकीची जबाबदारी झटकता येत नाही.

तेव्हा पोलिसांकडून पावती आणि क्राइम रेफरन्स नंबर घ्या. जाहिरात गायब होण्याआधी तिची प्रत ठेवा. विक्रेत्याला मुदत घालून लेखी कळवा. वस्तूची किंमत शंभर पौंडांच्या वर आणि तीस हजारांपर्यंत असेल, आणि क्रेडिट कार्डाने थेट विक्रेत्याला पैसे दिले असतील, तर १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट अ‍ॅक्टच्या ७५ व्या कलमाखाली बँकही जबाबदार असते. मधे तिसरी कंपनी आली की हा दावा डळमळतो. डेबिट कार्ड असेल तर चार्जबॅक मागावे, पण त्याला मुदत असते, म्हणून उशीर नको. मित्राला पाठवतो असे दाखवून पैसे भरले असतील, तर साइटचे संरक्षण बहुधा मिळत नाही. विकणारे नेमका तसाच आग्रह का धरतात, हे वेगळे सांगायला नको.

यातून काही निघाले नाही, तर दहा हजार पौंडांपर्यंतचा दावा वकिलाशिवाय स्मॉल क्लेम्समध्ये लावता येतो. मुदत सहा वर्षांची. अट एकच, विकणाऱ्याचा खरा पत्ता हवा. तो "मलाही ठाऊक नव्हते" म्हणाला, तरी त्याची सुटका नाही. त्याने आपले पैसे द्यावेत आणि स्वतःच्या विक्रेत्यामागे लागावे. डिव्हॉलनेही ती गाडी बिचाऱ्याने दुसऱ्याकडूनच घेतली होती.