ओसाड रुग्णालयातील भुते आणि हरवलेली माणसे

भयपटांच्या व्यवसायात गेल्या पाव शतकात एक विशिष्ट प्रकार चांगलाच रुजला आहे. चित्रपटाच्या आरंभीच पडद्यावर निवेदन येते : पुढील दृश्ये टिपणारी माणसे बेपत्ता झाली असून त्यांचा कॅमेरा तेवढा सापडला, त्यात जे होते ते जसेच्या तसे दाखविण्यात येत आहे. मग चारसहा तरुण हातात कॅमेरे घेऊन एखाद्या बंद पडलेल्या रुग्णालयात रात्री शिरतात. प्रथम थट्टामस्करी चालते, नंतर एखादे दार आपोआप लागते, दिवे जातात, एकेक सोबती नाहीसा होतो आणि अखेरीस कॅमेरा जमिनीवर पडून निर्विकारपणे भिंत टिपत राहतो. व्यवसायाच्या परिभाषेत या प्रकाराला ‘फाउंड फुटेज’, म्हणजे ‘सापडलेले चित्रण’, असे नाव आहे. हे सारे रचलेले आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असते आणि तरीही तो घाबरतो. तो का घाबरतो, हा एक प्रश्न झाला. त्याला नेमके कोणाचे भय घातले जाते, हा दुसरा. पहिल्याची चर्चा पुष्कळ होते. दुसऱ्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

कल्पित कथेला दस्तऐवजाचे रूप देण्याची युक्ती चित्रपटाहूनही जुनी आहे. ब्रॅम स्टोकर यांची ‘ड्रॅक्युला’ ही १८९७ सालची कादंबरी रोजनिशी, पत्रे आणि वृत्तपत्रांतील कात्रणे यांतूनच उभी राहते. इटालियन दिग्दर्शक रुजेरो देओदातो यांच्या १९८० सालच्या ‘कॅनिबल होलोकॉस्ट’ या चित्रपटाने तर असा आभास निर्माण केला की, त्यातील नट खरोखरच मारले गेले नाहीत, हे देओदातो यांना सिद्ध करून द्यावे लागले. पण या प्रकाराला खरी बाजारपेठ मिळाली ती १९९९ साली आलेल्या ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ या अमेरिकन चित्रपटामुळे. त्यातील तिन्ही नट स्वतःच्याच नावाने वावरले आणि ते बेपत्ता असल्याची पत्रके जाहिरातीचा भाग म्हणून वाटली गेली. चित्रपटाचा शेवट अरण्यातील एका पडक्या घरात होतो. या चित्रपटाने जगभरात सुमारे २५ कोटी डॉलर मिळविले. पुढे २०२४ साली त्याच तीन कलावंतांना आपल्या नावांच्या वापराबद्दल आणि योग्य मोबदल्याबद्दल जाहीर मागणी करावी लागली. कथेत त्यांना हरवलेले दाखविले होते. व्यवहाराच्या हिशेबातही ती बराच काळ हरवलेलीच राहिली.

या प्रकारात ओसाड इमारतीला एवढे महत्त्व का, याचे एक कारण अगदी रोकडे आहे. ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ हा २००७ सालचा चित्रपट एका राहत्या घरात अवघ्या १५ हजार डॉलरांच्या आसपास तयार झाला आणि त्याने १९ कोटी डॉलरांहून अधिक उत्पन्न मिळविले. एकच वास्तू, मोजके नट आणि हातातले कॅमेरे एवढ्यावर भागत असेल, तर निर्मात्याला आणखी काय हवे? बंद पडलेली मोठी इमारत मिळाली, तर नेपथ्याचा खर्चही वाचतो. दुसरे कारण कलेचे आहे. लांबच लांब व्हरांडे, एकासारख्या एक खोल्या आणि विजेचा अभाव यांमुळे कॅमेऱ्याच्या दिव्याचा झोत पडेल तेवढेच जग उरते. चौकटीबाहेर काय आहे हे पात्राला कळत नाही आणि म्हणून प्रेक्षकालाही कळत नाही. पार्श्वसंगीत नसल्याने दूरचा पायरवही मोठा वाटतो. हे तंत्र परिणामकारक आहे, यात शंका नाही.

तथापि ओसाड इमारती अनेक प्रकारच्या असतात. गिरण्या बंद पडतात, शाळा बंद पडतात, वखारी ओस पडतात. असे असूनही हे चित्रपटकार पुनःपुन्हा मनोरुग्णालयाकडे वळतात. या निवडीचा अर्थ समजण्यासाठी दोन उदाहरणे पुरेशी आहेत.

पहिले दक्षिण कोरियाचे. सोल शहरापासून काही अंतरावर असलेले गोन्जियाम येथील मनोरुग्णालय १९९६ साली बंद झाले. बंद होण्यामागची कारणे सांडपाण्याच्या व्यवस्थेची आणि पैशाची, म्हणजे अगदीच गद्य स्वरूपाची होती. पण इमारत रिकामी राहिली आणि अफवांना ऊत आला. तेथे रुग्ण गूढ रीतीने मेले, संचालकाने आत्महत्या केली, अशा कथा पसरल्या आणि रात्रीबेरात्री कुंपण ओलांडून आत शिरणाऱ्यांचा ओघ सुरू झाला. जोंग बोम-शिक या दिग्दर्शकाने २०१८ साली याच नावाने चित्रपट केला. इमारतीच्या मालकाने प्रदर्शन थांबविण्यासाठी न्यायालयाकडे धाव घेतली. ती मागणी फेटाळली गेली आणि चित्रपट अतिशय यशस्वी झाला. मौज अशी की, त्याचे चित्रीकरण गोन्जियामला झालेच नव्हते. ते बुसान येथील एका जुन्या, वापरात नसलेल्या शाळेच्या इमारतीत झाले होते. त्याच वर्षी मे महिन्यात मूळ रुग्णालय पाडण्यात आले.

दुसरे उदाहरण कॅनडाचे. ‘ग्रेव्ह एन्काउंटर्स’ या २०११ सालच्या चित्रपटात भुतांचा शोध घेणाऱ्या दूरदर्शन-मालिकेचा चमू ‘कॉलिंगवुड’ नावाच्या मनोरुग्णालयात स्वतःला रात्रभर कोंडून घेतो. कॉलिंगवुड हे नाव काल्पनिक आहे. चित्रीकरणाची जागा मात्र ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील रिव्हरव्ह्यू या खऱ्याखुऱ्या रुग्णालयाची आहे. १९१३ साली सुरू झालेल्या या रुग्णालयात १९५०च्या दशकात चार हजारांहून अधिक रुग्ण होते. पुढे त्याचे एकेक विभाग बंद होत गेले आणि मोकळ्या इमारती चित्रीकरणासाठी भाड्याने दिल्या जाऊ लागल्या. रुग्णालय पूर्णपणे बंद झाले ते २०१२ साली. म्हणजे आवाराच्या एका इमारतीत नट भुताच्या भीतीने किंचाळत होते, तेव्हा त्याच आवारात दुसरीकडे खरे रुग्ण उपचार घेत होते.

एका चित्रपटात नाव खरे आणि इमारत दुसरी. दुसऱ्यात इमारत खरी आणि नाव खोटे. पण तेथे जे राहिले, ज्यांना तेथे ठेवले गेले, ती माणसे दोन्ही चित्रपटांत कोठेच नाहीत. ती आहेत ती केवळ विद्रूप चेहऱ्यांची, अंधारातून झेप घेणारी भुते म्हणून.

वस्तुतः या रुग्णालयांच्या दप्तरात जे नोंदले गेले आहे, ते कोणत्याही पटकथेपेक्षा अधिक भयंकर आहे. ‘ग्रेव्ह एन्काउंटर्स’मधील दुष्ट डॉक्टर रुग्णांच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करताना दाखविला आहे. प्रेक्षकाला ती पटकथाकाराची विकृत कल्पना वाटते. परंतु मेंदूच्या पुढील भागातील तंतू तोडण्याची ही शस्त्रक्रिया पोर्तुगालचे एगास मोनिझ यांनी १९३५ साली प्रथम केली आणि तिच्यासाठी १९४९ साली त्यांना नोबेल पारितोषिकाने गौरविण्यात आले. अमेरिकेत वॉल्टर फ्रीमन यांनी डोळ्याच्या खोबणीतून अणकुचीदार साधन आत घालण्याची पद्धत १९४६ पासून अवलंबिली आणि अशा सर्व प्रकारच्या मिळून तीन हजारांहून अधिक शस्त्रक्रिया केल्या. त्या मध्यरात्री लपूनछपून झालेल्या नव्हत्या. दिवसाढवळ्या, नातेवाइकांच्या संमतीने आणि पुष्कळदा त्यांच्या आभारास पात्र होऊन झाल्या होत्या. रिव्हरव्ह्यू ज्या प्रांतात आहे, तेथे मनोरुग्णालयातील व्यक्तींची सक्तीने नसबंदी करण्यास परवानगी देणारा कायदा १९३३ पासून १९७३ पर्यंत अमलात होता. तो विधिमंडळाने रीतसर संमत केला होता. या सर्व प्रकारांत भुताटकीचा लवलेश नाही. शिक्का, सही आणि दप्तर मात्र आहे.

या इतिहासाचे चित्रपटात काय होते? ज्याच्यावर अन्याय झाला तोच भूत होऊन येतो आणि प्रेक्षकाच्या भयाचा विषय बनतो. ज्या व्यवस्थेने त्याला कोंडले, ती एखाद्या वेडसर डॉक्टरच्या रूपात गुंडाळून ठेवली जाते. पीडिताकडे पाहून अंगावर काटा यावा आणि पीडा देणाऱ्या समाजाला स्वतःचे तोंड पाहावे लागू नये, अशी ही सोयीची मांडणी आहे.

यावर कोणी म्हणेल की, करमणुकीच्या चित्रपटाकडून इतिहासाची अपेक्षा धरणे हीच चूक आहे. भय हा एक रस आहे आणि त्याचा आस्वाद निखळपणे घ्यावा. आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे, आणि त्याचे उत्तर रसचर्चेतच सापडते. भरताच्या नाट्यशास्त्रात भयानक रसाची कारणे सांगताना ओसाड घरात व अरण्यात जाण्याचा निर्देश आहे. पण त्याच यादीत आणखी एक कारण आहे : स्वजनांचा वध किंवा बंधन पाहणे अथवा ऐकणे. म्हणजे रिकाम्या वास्तूचे भय आणि आपल्या माणसाच्या कोंडमाऱ्याचे भय या दोहोंना तेथे शेजारी शेजारी स्थान आहे. आधुनिक चित्रपटाने त्यांतील ओसाड घर तेवढे उचलले. बंधनात पडलेला स्वजन गाळून टाकला.

मराठी माणसाला हा फरक समजावून सांगण्याची गरज पडू नये. पडका वाडा त्याच्या परिचयाचा आहे. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या वाचकांना तर विशेषच. परंतु महाराष्ट्रातील सर्वांत प्रसिद्ध पछाडलेली वास्तू कोणती, असे विचारले तर उत्तर पुण्याचा शनिवारवाडा हेच येईल. ३० ऑगस्ट १७७३ रोजी तेथे नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. १८२८ सालच्या आगीत वाड्याच्या आतील इमारती जळून गेल्या, तरी ‘काका, मला वाचवा’ ही हाक अजून ऐकू येते, अशी लोककथा टिकून राहिली. या कथेत भुताला नाव आहे, मारेकरी कोण ते माहीत आहे, आणि संशय कोणावर होता तेही त्या एका ‘काका’ शब्दात सामावले आहे. ऐकणारा दचकतो, पण त्याला नारायणरावाची दया येते. भुताच्या रूपाने लोकांनी एक साक्ष जपून ठेवली.

याचा अर्थ असा नव्हे की, नव्या तंत्राच्या चित्रपटाला हे साधणारच नाही. २०११ साली आलेल्या ‘रागिनी एमएमएस’ या हिंदी चित्रपटात निर्जन घरातील भूत मराठी बोलते आणि आपण चेटकीण नाही, आपण आपल्या मुलांना मारलेले नाही, असे पुनःपुन्हा सांगते. चित्रपटाचा हेतू काहीही असो, चेटकीण ठरवून छळल्या गेलेल्या बायकांचे गाऱ्हाणे त्यात निसटते का होईना उमटले. महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला तो त्यानंतर दोन वर्षांनी, २०१३ मध्ये, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या खुनानंतर. ‘ग्रेव्ह एन्काउंटर्स’मध्येही एक प्रसंग असा आहे की, झोपेतून उठलेल्या चमूच्या मनगटांवर रुग्णांना बांधतात तशा नावाच्या पट्ट्या आढळतात. बाहेर जाणारे दार उघडले, तर पुढे आणखी एक व्हरांडा लागतो. सकाळ होतच नाही. क्षणभर का होईना, कोंडलेल्या माणसाच्या जागी प्रेक्षक उभा राहतो. गोन्जियामच्या चित्रपटातही खरा दोष भुतांकडे नाही. दहा लाख प्रेक्षक मिळवून पैसा करण्याच्या लोभाने सोबत्यांना आत धाडणारा आणि स्वतः बाहेर तंबूत बसून आकडे मोजणारा म्होरक्या तेथे आहे. हे धागे दिग्दर्शकांनी शेवटपर्यंत ओढले असते, तर हे चित्रपट अधिक भयप्रद झाले असते.

हा प्रश्न केवळ रसिकतेचा नाही. ‘याला ठाण्याला पाठवा’, ‘येरवड्याला भरती करा’ ही वाक्ये मराठी घराघरांत थट्टेने उच्चारली जातात. मनोरुग्णालय म्हणजे भयाची जागा आणि मनोरुग्ण म्हणजे अंगावर धावून येणारा प्राणी, ही समजूत जितकी दृढ, तितके उपचारासाठी पाऊल उचलणे कुटुंबाला कठीण जाते आणि माणूस घरातच किंवा एखाद्या देवस्थानात बांधून ठेवला जातो. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथील एका खासगी आश्रयस्थानाला आग लागली, तेव्हा २८ मनोरुग्ण जळून मेले; साखळदंडांनी जखडलेले असल्यामुळे त्यांना पळता आले नाही. भारताच्या २०१७ सालच्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास आणि मानसिक आजारावरील उपचार म्हणून नसबंदी करण्यास स्पष्ट मनाई केली आहे. कायद्याने साखळी निषिद्ध केली, तरी मनातील भीती कायद्याने जात नाही. ती जाण्यास कथा, नाटक आणि चित्रपट यांचीच मदत लागते, आणि ती वाढते तीही त्यांच्यामुळेच.

या संदर्भात अमेरिकेतील डॅन्व्हर्स येथील रुग्णालयाची हकीकत उद्बोधक आहे. १८७८ मध्ये उघडलेले आणि १९९२ मध्ये बंद झालेले हे रुग्णालय भयकथांचे माहेरघरच समजले जाई; २००१ साली ‘सेशन नाइन’ हा भयपट तेथेच चित्रित झाला. नंतर इमारतीचा बराचसा भाग पाडून तेथे राहती घरे उभी राहिली. त्या आवारात रुग्णांची दफनभूमी होती आणि थडग्यांवर नावे नव्हती, फक्त क्रमांक होते. एकेकाळी स्वतः रुग्ण असलेल्या काही व्यक्तींनी पुढाकार घेतला, जुन्या नोंदी धुंडाळल्या, क्रमांकांना नावे जोडली आणि ती दगडावर कोरून घेतली. त्यांच्या हातात कॅमेरा नव्हता आणि त्यांना भूतही दिसले नाही. ओसाड इमारतीतून जे शोधून आणण्याजोगे होते, ते मात्र त्यांनी आणले.