जुनी आलिशान गाडी घेण्याआधी

समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून गेला, जमिनींचा मोबदला आला. दारात मोठी गाडी असावी असं वाटणं रास्तच आहे. दिल्लीत 10 वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या मर्सिडीज, ऑडी स्वस्तात विकायला येतात. मात्र एनओसी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स धरूनच भाव ठरवा. शिवाय जुनी झाली की गाडीची किंमत उतरते, पार्टांची नाही.

काही मॉडेलांतलं एअर सस्पेन्शनच पाहा. स्प्रिंगच्या जागी हवा भरलेले रबरी फुगे असतात. रबर जुनं झालं की बारीक चिरा पडतात, हवा निसटते, ती भरून काढायला कॉम्प्रेसर सारखा चालतो आणि शेवटी जळतो. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यावर बसलेली दिसली, तर सौदा तिथेच थांबवा.

शहापूर, मुरबाडच्या आतल्या रस्त्यांवर खाली बसकी गाडी घासते. बऱ्याच गाड्यांत पंक्चर झाल्यावरही थोडं अंतर चालणारे रनफ्लॅट टायर असतात, स्टेपनी नसतेच. पेंढ्याच्या उडवीशेजारी गाडी उभी राहिली की उंदीर वायरिंग कुरतडतात. इंजिनात पाणी शिरलं तर साधा विमा सहसा भरपाई देत नाही. इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं, आणि जुन्या गाडीला ते मिळेल का, हे पैसे देण्याआधी विचारा.