ती ओरडली का नाही?

मी शिरपामाळहून बोलतेय. परवा बचत गटाच्या बैठकीत पैसे मोजून झाले नि पाड्यावरच्या एका मुलीचा विषय निघाला. "एवढ्या रात्री गेलीच कशाला? आणि ओरडली का नाही?" माना हलल्या. माझीही हलली, सांगायला लाज वाटते.

पूर्वी काही खटल्यांत साधी माणसं ज्युरी म्हणून बसायची, दोषी की निर्दोष ते सांगायची. १९५९ च्या मुंबईतल्या नानावटी खटल्यात अशी ज्युरी होती. आता ती पद्धत नाही. पण त्या दिवशी आम्ही बाराजणी ज्युरीच होतो, आणि पिंजऱ्यात उभी केली ती मुलगीच.

कोर्टातही हेच घडलंय. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याचा खटला दोन पोलिसांवर चालला. नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये सोडून दिलं. अंगावर जखमा नाहीत, ओरडल्याचं पटत नाही, म्हणून. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर यांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं, १९८० च्या महिला दिनी बाया रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलिसांच्या ताब्यातल्या बाईशी संबंध झाल्याचं सिद्ध झालं आणि "माझी संमती नव्हती" असं ती म्हणाली, तर कोर्ट तेच धरून चालतं.

हे मी पुढच्या बैठकीत सांगितलं. सगळ्या गप्प. मग एक आजी म्हणाल्या, "चुलीपाशी घोणस निघाली तेव्हा माझ्या तोंडून तरी कुठं आवाज फुटला?"

सोमवारी आम्ही दोघी त्या मुलीच्या घरी जाणार आहोत. आजीही येते म्हणाल्यात.