भय, हास्य आणि त्यांची किंमत

दूरचित्रवाणीवरील भयमालिका आणि विनोदी चित्रपट यांच्याकडे आपला सुशिक्षित वर्ग मोठ्या चमत्कारिक नजरेने पाहतो. पाहतो हे खरे. पण पाहिल्याची कबुली देताना ‘मुले लावून बसली होती, म्हणून जाता-येता नजर गेली’ अशी पुस्ती जोडल्याखेरीज त्याचे समाधान होत नाही. गंभीर नाटकांवर आपण परिसंवाद भरवतो. भुताची मालिका आणि हशा पिकवणारा चित्रपट यांचा निकाल मात्र ‘करमणूक’ या एका शब्दात लावून मोकळे होतो. वास्तविक ज्या गोष्टी घरोघरी पाहिल्या जातात, त्यांविषयीच विचार करू नये, हे शहाणपणाचे लक्षण म्हणता येणार नाही. प्रस्तुत लेखक या प्रकारांचा अभ्यासक नाही. अधूनमधून पाहणारा एक सामान्य प्रेक्षक आहे. तथापि अशा प्रेक्षकालाही एक प्रश्न विचारण्याचा अधिकार असावा. आपण घाबरतो किंवा हसतो, तेव्हा त्याची किंमत नेमकी कोण मोजत असते?

भय आणि हास्य यांचे नाते आपल्याकडे फार जुने आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात भयानक आणि हास्य हे दोन्ही रस आठांच्या पंक्तीत मानाने बसलेले आहेत. हास्याची कारणे सांगताना भरताने विकृत वेश, असंबद्ध बडबड यांच्या जोडीला व्यंगदर्शनही नोंदवले आहे. परंतु त्याने हास्याच्या सहा पायऱ्याही सांगितल्या असून स्मित आणि हसित उत्तम प्रकृतीच्या माणसांकडे, तर अपहसित आणि अतिहसित अधमांकडे सोपवले आहे. माणूस कशाकशाला हसतो हे शास्त्रकाराने जसे प्रामाणिकपणे लिहून ठेवले, तसेच सगळे हसणे एका मोलाचे नसते, हेही त्याने सांगून ठेवले. भयालाही हाच न्याय लावून पाहण्यास हरकत नसावी.

आपल्या भयमालिकांची वाटचाल पाहिली, तर १९९३ साली रामसे बंधूंचा ‘झी हॉरर शो’ आला आणि १९९५ मध्ये सोनी वाहिनीवर बी. पी. सिंग यांची ‘आहट’ सुरू झाली. धुके, जुनी हवेली, करकरणारे दार आणि अंगावर येणारे पार्श्वसंगीत ही सामग्री त्या काळी घराघरांत परिचित झाली. या भयाचे एक बरे होते: ते दूरचे होते. हवेलीत राहणारे आपल्यापैकी कितीसे? दिवा लावला, पाणी प्यायले, की भीती संपली. नारायण धारप किंवा रत्नाकर मतकरी यांच्या कथा ज्यांनी वाचल्या आहेत, त्यांना मात्र यापेक्षा सूक्ष्म भय ठाऊक होते. तेथे भूत कमी दिसे आणि वाचकाचे मनच अधिक राबे. पडद्याला हा संयम क्वचितच साधतो; कारण काही दाखवले नाही, तर प्रेक्षक वाहिनी बदलेल, ही भीती खुद्द निर्मात्यालाच वाटत असते.

झी मराठीवर २०१६ साली आलेल्या ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेने भयाला हवेलीतून काढले आणि सिंधुदुर्गातील एका घराच्या ओटीवर आणून बसवले. नाइकांचे कुटुंब, मालवणी बोली, जमीनजुमल्याचे वाद, माजघरातली कुजबुज हे सारे मराठी प्रेक्षकाच्या ओळखीचे होते; म्हणूनच तिची भीतीही खरी वाटली. कोकणची बदनामी होते आणि अंधश्रद्धेला खतपाणी मिळते, असा आक्षेप त्याच वेळी सिंधुदुर्गातून घेतला गेला, तोही या खरेपणामुळेच. २०१९ च्या दुसऱ्या पर्वाने कथा मागे नेली आणि ज्या अण्णा नाइकांच्या मृत्यूपासून पहिले पर्व सुरू झाले होते, त्यांना जिवंतपणी दाखवले. लोभी, कामांध, घरातल्यांना धाकात ठेवणारा हा कर्ता पुरुष कोणत्याही पिशाचापेक्षा भयंकर होता. एका अनियमित प्रेक्षकाला त्या मालिकेतील सर्वांत चांगला भाग हाच वाटला. येथे भयाचे बोट दुर्बळाकडे वळले नव्हते. ते सत्ता हाती असलेल्या माणसाकडे वळले होते.

या बोटाच्या दिशेला महत्त्व आहे, आणि ते केवळ कलेपुरते नाही. महाराष्ट्रात २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली आणि ज्या कायद्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे खटपट केली, तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी अस्तित्वात आला. त्याची अनुसूची प्रत्येक भयमालिकेच्या लेखकाने एकदा वाचावी. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोराने किंवा साखळीने बांधणे, छडीने मारणे, मिरचीची धुरी देणे. अमुक व्यक्ती करणी करते, मंत्राने गुरांचे दूध आटवते असे भासवून तिचे जगणे कठीण करणे, हे सारे तेथे गुन्हा म्हणून नोंदलेले आहे. कायद्याला ही कृत्ये एकेक करून नोंदवावी लागली, याचा अर्थ ती घडत होती. आपल्यासाठी जो अर्ध्या तासाचा थरार असतो, तोच कोणा विधवेच्या किंवा एकाकी म्हातारीच्या वाट्याला आयुष्यभराचा संशय म्हणून येऊ शकतो. पडद्यावर पिंपळावरचा मुंजा खुशाल नाचावा. त्याने कोणाचे काही बिघडत नाही. परंतु गावातली एखादी जिवंत बाई ‘करणी करणारी’ म्हणून उभी केली आणि कथेच्या शेवटी तो संशय खरा ठरवला, की करमणुकीची हद्द संपते.

आता हास्याकडे वळू. १९८८ सालचा सचिन पिळगावकर यांचा ‘अशी ही बनवाबनवी’ आजही लोक संवादांसकट पाहतात. तो हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ मधील ‘बीवी और मकान’ वर बेतलेला होता. तरीही तो मराठी माणसाला आपला वाटतो, कारण त्याच्या मुळाशी भाड्याच्या जागेची अडचण आहे. जागा हवी तर बायको हवी, ही अट पुरी करण्यासाठी दोन मित्र साडी नेसतात. भरताने सांगितलेला विकृत वेश तो हाच. परंतु हसू येते ते बाईला नव्हे, साडी सांभाळताना पुरुषांची उडणारी तारांबळ पाहून. या सोंगाची किंमत सोंग घेणारेच मोजतात. ज्याने शहरात जागेसाठी उंबरठे झिजवले आहेत, तो कारकून किंवा विद्यार्थी या चित्रपटाला मोकळेपणाने हसतो, तो त्यामुळेच.

भय आणि हास्य यांना एकाच घरात नांदवण्याचे धाडसही मराठी चित्रपटाने केले आहे. १९८२ च्या ‘एक डाव भुताचा’ या द. मा. मिरासदारांच्या लेखणीतून उतरलेल्या चित्रपटात दिलीप प्रभावळकरांचा साधाभोळा मास्तर आणि अशोक सराफ यांचे खंडोजी फर्जंद नावाचे भूत यांची मैत्री जमते. १९९३ मध्ये महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ ने रामदास पाध्ये यांच्या बाहुल्याला तात्या विंचू बनवले आणि एक पिढी हसत-हसत घाबरली. दोन्ही चित्रपटांत आपण हसतो ते माणसाच्या भित्रेपणाला, म्हणजे पर्यायाने स्वतःलाच. भीतीला हसता येणे हा भीतीवरचा जुना आणि स्वस्त उतारा आहे, आणि त्यासाठी कोणत्याही भगताच्या दारी जावे लागत नाही.

सगळेच विनोदी चित्रपट मात्र एवढी तसदी घेत नाहीत. तोतरा बोलणारा, जाड असलेला, काळासावळा, ठेंगणा किंवा बायकी चालीचा कोणी आणून उभा केला, की हशा आयताच मिळतो. त्याचे पुढे काय होते, हे चित्रगृहापेक्षा वर्गात अधिक स्पष्ट दिसते. शनिवारी रात्री पडद्यावर ऐकलेले टोपणनाव सोमवारी सकाळी कोणत्या मुलाला चिकटते, हे शिक्षकांना सांगावे लागत नाही. त्या मुलाने तो चित्रपट पाहिलेलाही नसेल. तरी त्याची किंमत तो वर्षभर मोजत राहतो.

विनोदाने काय साधता येते, याचे उदाहरण म्हणून कुंदन शहा यांच्या १९८३ मधील ‘जाने भी दो यारो’ चा उल्लेख करावा लागेल. भ्रष्ट आयुक्ताचे प्रेत रंगमंचावर पोचते, द्रौपदी वस्त्रहरणाच्या प्रसंगाचा बोजवारा उडतो आणि प्रेक्षक पोट धरून हसतो. नंतर कोसळलेल्या पुलाचे खापर दोन निरपराध छायाचित्रकारांच्या माथी फुटते, बिल्डर आणि अधिकारी सुखरूप राहतात, आणि आपले हसू ओठांवरच थिजते. किंमत कोणी मोजली, हे हा चित्रपट लपवत नाही. हसवून झाल्यावर तो ते ठळकपणे दाखवतो. भुताखेतांच्या अनेक मालिकांपेक्षा हा शेवट अधिक भयावह आहे, याविषयी दुमत होऊ नये.

यावर कोणी म्हणेल की, दिवसभर राबून आलेल्या माणसाला घटकाभर करमणूक हवी असते. त्यात हा हिशेब कशाला? आक्षेप रास्त आहे. बंदी, कात्री किंवा मोर्चा यांचा पुरस्कार येथे करावयाचा नाही. असल्या उपायांनी चांगल्या कलाकृती आधी भरडल्या जातात, असाच सर्वत्र अनुभव आहे. शिवाय माणसाला भयाची आणि हास्याची खरीच गरज असते. घाबरण्याची सवय गेलेला समाज बेफिकीर होतो आणि हसणे विसरलेला समाज कडवट होतो. अपेक्षा इतकीच की, आपण दुकानात वस्तू घेताना किंमत विचारतो, तेवढी तरी चौकसपणा पडद्यासमोर असावा. संच बंद करण्याचे बटण आपल्याच हाती आहे. आज मुले सोबत बसून पाहत असतील, तर भाग संपल्यावर ‘यात घाबरवले कोणाच्या नावाने, आणि हसलो कोणाला?’ एवढे दोन प्रश्न त्यांना अवश्य विचारावेत. उत्तरे बहुधा मुलेच आधी देतील.