परीक्षकाचीही परीक्षा

कापसाच्या हंगामांत यवतमाळच्या बाजारांत शेतकरी आपला माल वजनकांट्यावर चढवितो, तेव्हां त्याच्या वर्षभराच्या श्रमांचें मोल त्या कांट्याच्या खरेपणावर अवलंबून असतें. कांटा खरा कीं खोटा, हें प्रमाणित वजनांनीं ठरवितात. परंतु तीं वजनें तरी खरीं कशावरून? म्हणून निरीक्षकाचीं वजनेंही त्यांहून अधिक काटेकोर वजनांशीं ठराविक मुदतीनें ताडून पाहिलीं जातात. जो तपासतो त्यालाही तपासलें पाहिजे, हा नियम संगणकाच्या जगांतही तितकाच खरा आहे. तो तेथें कसा लागू पडतो, हें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

संगणकाचा सर्व कारभार पाहणाऱ्या आज्ञावलीस ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात, व तिच्या अगदीं आंतल्या भागास कर्नेल, म्हणजे गाभा, असें नांव आहे. फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं लिनक्स नांवाचा गाभा लिहिला. आज आपल्या घरोघरीं असलेल्या अँड्रॉइड मोबाईलांत तोच काम करितो. कापसाचा भाव पाहणारा शेतकरी आणि निकाल पाहणारा विद्यार्थी असे दोघेही नकळत त्याच्यावर विसंबून असतात.

हा गाभा एखाद्या ग्रंथपालासारखा आहे. प्रत्येक आज्ञावली त्याच्याकडून हवी तेवढी स्मृति, म्हणजे माहिती ठेवण्याची जागा, मागून घेते व काम होतांच परत करिते. या देवघेवींत मुख्यतः चार प्रकारच्या चुका होतात: घेतलेलें पुस्तक परतच न करणें, परत केल्यावरही त्याचींच पानें चाळीत राहणें, एकच पुस्तक दोनदां परत केल्याची नोंद करणें, आणि शेवटच्या पानापलीकडे लिहूं लागणें. सामान्य आज्ञावली संपली म्हणजे तिच्याकडे राहिलेलीं पुस्तकें ग्रंथपाल स्वतः गोळा करून घेतो. परंतु खुद्द ग्रंथपालानेंच पुस्तक घेऊन हरविलें, तर त्याच्याकडून तें कोण परत घेणार? गाभ्यानें गमाविलेली स्मृति यंत्र बंद करून पुन्हां चालू करीपर्यंत बहुधा वांयाच जाते. आणि गाभ्यानें भलत्या जागीं एक शब्द लिहिला, तरी सारें यंत्र ठप्प होऊं शकतें.

म्हणून गाभ्याच्या प्रत्येक भागासाठीं चांचण्या लिहितात. लिनक्समध्यें 'के-युनिट' नांवाची चांचण्यांची एक व्यवस्था आहे. जानेवारी २०२० मध्यें निघालेल्या ५.५ या आवृत्तीपासून ती गाभ्यांत समाविष्ट झाली. या चांचण्या गाभ्याच्या आंतच चालतात. परीक्षक घराच्या आंत बसलेला असल्यामुळें त्याची चूक ही घराचीच चूक ठरते.

अशी एक चूक नमुन्यादाखल पाहूं. चांचणी प्रथम स्मृति मागते, मग उत्तर बरोबर आलें कीं नाहीं तें पाहते, व शेवटच्या ओळींत स्मृति परत करिते. वाचतांना सर्व ठीक दिसतें. परंतु उत्तर चुकीचें आलें तर चांचणी मध्येंच थांबते, शेवटची ओळ येतच नाहीं, आणि घेतलेली स्मृति तशीच राहते. दुसरी नेहमींची चूक अशी कीं, स्मृति मागितली म्हणजे ती मिळालीच असें लेखक धरून चालतो. ती न मिळाली तर काय, हा प्रश्न तो विचारीतच नाहीं.

येथें एक मर्म ध्यानांत घ्यावें. चालत्या गाभ्यावर पाळत ठेवणारीं साधनें लिनक्समध्यें आहेत. परत न केलेली स्मृति हुडकणारें 'केमेमलीक' २००९ सालीं आलें, व भलत्या जागेस हात लावल्याबरोबर ओरडणारें 'कासान' २०१५ सालीं आलें. परंतु पहारेकऱ्यास चोर दिसतो तो तुडविलेल्या वाटेवरच. वरील चांचणी रोज उत्तीर्ण होत असेल, तर तिची नापासाची वाट कधींच तुडविली जात नाहीं, व तिच्यांतली चूक वर्षानुवर्षें झांकून राहते. ती बाहेर येते नेमकी त्या दिवशीं, ज्या दिवशीं दुसरें कांहीं बिघडलेलें असतें; आणि मग एका बिघाडाचा शोध घेतांना दोन बिघाड पुढें उभे राहतात.

अशा न तुडविलेल्या वाटा पाहण्यासाठीं आज्ञावली न चालवितां नुसती वाचणारीं साधनें लागतात. 'स्मॅच' व 'कॉक्सिनेल' हीं लिनक्सकरितां वापरलीं जाणारीं अशीं दोन साधनें होत. आणि अलीकडे मनुष्याची भाषा शिकविलेलीं यंत्रेंही हें वाचनाचें काम करूं लागलीं आहेत. या विद्येचा पाया ज्या शास्त्रावर आहे, त्यांत आपल्या महाराष्ट्रांतही मोलाचें काम झालें आहे. पवई येथील आय. आय. टी. मुंबई या संस्थेंतील उदय खेडकर व अमिताभ सन्याल यांनीं, अमेय करकरे यांच्यासह, २००७ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. कोणत्या क्षणानंतर स्मृतीचा कोणता भाग कोणत्याही वाटेनें उपयोगांत येणार नाहीं, हें केवळ आज्ञावली वाचून कसें ठरवावें, हा त्याचा विषय होता. प्रत्येक वाटेचा विचार करणें, हेंच या शास्त्राचें सार होय.

अशी वाट सांपडल्यावर उपाय सोपा असतो. 'के-युनिट'मध्यें स्मृति चांचणीच्या नांवावर नोंदवून घेतां येते. मग चांचणी कोणत्याही रीतीनें संपो, नोंदलेली स्मृति आपोआप परत जाते.

तथापि यंत्राचा शब्द हा अखेरचा शब्द नव्हे. अ‍ॅलन ट्युरिंग या इंग्रज गणितज्ञानें १९३६ सालीं सिद्ध केलें कीं, कोणतीही आज्ञावली कधीं थांबेल कीं नाहीं हें हमखास सांगणारी एकच रीत असूं शकत नाहीं. त्यावरून असें निघतें कीं, सर्व चुका अचूक पकडणारें यंत्रही असूं शकत नाहीं. तें कधीं नसलेल्या चुकीची हांक देतें, तर कधीं असलेली चूक सोडून देतें. म्हणून यंत्रानें दाखविलेली प्रत्येक जागा जाणत्या मनुष्यानें पुन्हां वाचावी लागते, व निर्णय त्यानेंच द्यावा लागतो.

विद्यार्थिमित्रांनो, आपलें उत्तर बरोबर आलें म्हणजे आपण वही मिटतों. तें चुकलें असतें तर आपली रीत आपणांस कोठें घेऊन गेली असती, हाही प्रश्न वही मिटण्यापूर्वीं एकदां विचारून पाहावा.