बॉनेटला हात लावून

पहाटे ४.४०

चहा टाकायच्या आधी हातात विजेरी घेऊन गाडीभोवती एक चक्कर. आमची देवपूजा म्हणा. चारही टायरची हवा आत्ताच बघायची, कारण दहा-बारा किलोमीटर पळाल्यावर टायर तापतो आणि आकडा फुगतो. मग ऑइलची पट्टी, कूलंट, बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी भुकटी धरलीय का. स्टेपन्या दोन. पाहुणे विचारतात, दोन कशाला? वेड्या बाभळीचा काटा एकदा दाखवला की गप्प बसतात.

माझी बोलेरो २०१६ ची, एमएच-४२, टुरिस्ट परमिटची पिवळी पाटी. फोर बाय फोर नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण दुपारी एका फोर बाय फोर गाडीपायी दोन तास घालवायचे आहेत.

५.३०

इंदापूर रस्ता. डिसेंबर म्हणजे गाळप जोरात. भवानीनगरला छत्रपती कारखान्याचा मळीचा वास काचा वर असल्या तरी आत येतोच. उसाच्या जोडट्रॉल्यांमागं निमूट चालायचं, घाई करायची नाही. मागच्या सीटवर पुण्याचे तिघे फोटोवाले, मांडीवर दुधाच्या किटलीएवढ्या लेन्सा.

६.३०

कडबनवाडी. वनखात्यानं २०२४ मध्ये इथं आणि बारामतीच्या शिर्सुफळला गवताळ सफारी सुरू केली. तेव्हापासून ऑनलाइन नोंदणी, ठरलेला मार्ग, सोबत गावातला गाईड. माळावर जायचं म्हणजे गाडी गवतात घालायची, असं नवख्यांना वाटतं. पण माळटिटवी, धाविक, चंडोल ही सगळी मंडळी उघड्या जमिनीवर अंडी घालतात. इथं चाकोरी सोडू नका म्हटलं तर ते शब्दशः घ्यायचं.

सात वाजता गाईडनं नुसतं बोट वर केलं. मी चावी फिरवली, इंजिन बंद. शंभरेक पावलांवर लांडगा. गवताच्याच रंगाचा, त्यामुळं हलला तेव्हा दिसला. थांबला, आमच्याकडे बघितलं आणि काही विशेष नाही अशा चालीनं बांधापलीकडे गेला. मागं तिघांचे कॅमेरे कडकडत होते. इंजिन चालू ठेवलं असतं तर थरथर थेट फोटोत उतरली असती.

अशी गाडी सकाळभरात पंचवीस-तीस वेळा बंद करायची आणि तितक्याच वेळा सेल्फ मारायचा. एवढ्या थांब्यांत डायनॅमो बॅटरी भरणार कधी? म्हणून कोणी विचारलं, की माळासाठी कोणती गाडी घेऊ, तर मी आधी सेल्फ आणि बॅटरीवर येतो. घेणाऱ्याचा हिरमोड होतो. त्याला हॉर्सपॉवर ऐकायची असते.

८.५०

माळाबाहेर मुरमावर गाडी लावली, बॉनेट उघडलं. आजचं खरं काम इथं आहे. कुसळी गवत या दिवसांत वाळून सोनेरी होतं, दिसायला सुंदर. त्याची कुसळं भाल्यासारखी, टोकाला काटा आणि मागं पीळ पडलेली लांब शेपटी. एकमेकांत गुंततात, मोज्यात घुसतात, मेंढ्यांच्या लोकरीत घुसतात आणि गाडीच्या रेडिएटरच्या जाळीत जाऊन नमदा विणल्यासारखी बसतात. बाहेरून काही दिसत नाही. तापमानाचा काटा वर चढला की ड्रायव्हर पाणी ओततो, थर्मोस्टॅट बदलतो, वॉटर पंपाला शिव्या देतो, आणि आत असतो मूठभर गवताचा बोळा. मी पंख्याच्या बाजूनं पुढं, म्हणजे ज्या वाटेनं आली त्याच वाटेनं, हलक्या हवेनं कुसळं बाहेर काढतो. राहिलेली जुन्या दातघासणीनं. जोराचं पाणी मारलं तर ॲल्युमिनियमच्या पात्या दुमडतात आणि मग कायमचीच वारा जायची वाट बंद.

नंतर आडवं होऊन खाली बघायचं. सायलेन्सरवर गवत अडकलं असेल तर आत्ताच काढायचं. एक ठिणगी आणि सगळा माळ. म्हणून गाडीत आगीचा लाल सिलिंडर आहेच, शिवाय एक ओलं गोणपाट.

१०.३०

भिगवणला पाहुण्यांना नाष्टा आणि मला पंक्चर. काटा आरपार होता, पण हवा धरून होता, म्हणून तिथंच उपसला नाही. दुकानापर्यंत आला, रस्सी भरली, दहा मिनिटांत मोकळा. फोटोवाल्यांना कुंभारगावला उजनीच्या नावेत बसवलं आणि मी सुटलो.

१२.००

बारामती. भाचा म्हणावा असा एक पोरगा रिंग रोडला वाट बघत होता. तो पक्ष्यांवाल्यांच्या सहली काढतो. जानेवारीत पाच जणांनी मिळून कच्छच्या बन्नीला जायचंय. पाहुण्यांची गाडी वेगळी आहे, त्याला हवीय मागची गाडी: तंबू, पाणी, भांडी, स्टेपन्या वाहणारी.

“मामा, हायलक्सच घ्यावी का?”

“पैसे आहेत?”

“नाहीत.”

“मग विचारतोस कशाला? आणि असते तरी तिची क्लच प्लेट बन्नीत कुठं मिळणार ते आधी विचारलं असतं.”

म्हणून बोलेरो कॅम्पर. पुढं दोन ओळींची केबिन, मागं हौदा, मागच्या चाकांना पाटे, टनाच्या आसपास वजन सोसणारी, आणि तिच्या पोटात हात घातलेला माणूस कोणत्याही तालुक्याच्या गावी सापडतो. शिवाय मी त्याला बीएस-४ बघायला सांगितलेलं. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. त्या डिझेल गाड्यांत काजळी धरणारी जाळी असते आणि साचलेली काजळी गाडी स्वतःच जाळते, तेव्हा धुराड्याच्या वाटेत ५००-६०० अंशांची उष्णता होते. ही गाडी त्याच वेळी वाळल्या गवतावर उभी असली तर? शिवाय ती जाळी साफ व्हायला सलग दामटावी लागते, आणि माळावर आम्ही बैलगाडीच्या चालीनं चालतो. शहरात बीएस-६ च हवी, यात वाद नाही. या कामाला मला नको वाटते, एवढंच.

समोरची गाडी २०१८ ची, फोर बाय फोर. मालक म्हणाले, “घरचाच वापर आहे, शेतावर जाण्यापुरती.” मी रामराम घातला आणि बॉनेटवर तळहात ठेवला. गरम. दुपारच्या उन्हानं नाही, गाडी सावलीत होती. म्हणजे आम्ही येण्याआधी कोणीतरी अर्धा तास चालवून ठेवली. गरम इंजिन सगळ्यांचंच गोड बोलतं.

खाली सरकलो. चॅसीला ताजा काळा रंग. बाकी गाडी सात वर्षांची आणि चॅसी तेवढी काल बारशाला नटल्यासारखी. मागच्या पाट्यांत एक पाटा वाढवलेला, त्यावर इतरांसारखी धूळ-तेलाची पुटं नाहीत. शेतावर जाण्यापुरत्या गाडीला जादा पाटा कशाला लागतो? हौद्यातलं रबर उचललं आणि वास आला. उजनीची मासळी. बर्फाचं पाणी दोन-तीन वर्षं हौद्यात मुरलेलं. पोराच्या हातात स्क्रू ड्रायव्हर दिला, म्हटलं, दाब. कोपऱ्यात पत्रा बिस्किटासारखा आत गेला. त्याचा चेहरा पडला. मला मात्र एवढं वाईट वाटलं नाही. हौद्याचा पत्रा बदलता येतो. चॅसी वाकलेली असती किंवा वेल्डिंगचा लोळ दिसला असता तर मी चहासुद्धा घेतला नसता.

मग फोर बाय फोरचा दांडा. डांबरावर नाही. या गाडीत पुढची-मागची चाकं एकत्र बांधली जातात, वळताना डांबरावर त्यांना सरकायला जागा मिळत नाही आणि शाफ्टला पीळ बसतो. शेजारच्या मुरमाच्या मोकळ्या जागेत नेली. दांडा पडायला तयार नव्हता, वर्षानुवर्षं हलवलेलाच नसावा. तिसऱ्यांदा पडला. दोन गोल चकरा मारल्या, पुढचं चाक ओढत होतं, क्रॉसचा खडखडाट नव्हता. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडलं, धूर उसळला नाही. पण इंजिन गरम होतं, त्यामुळं हा निकाल मी मानत नाही.

कागद बघितले. आरसीवर फायनान्सचा बोजा उतरलेला. चलन दोन बाकी. आणि आठ वर्षं भरत आलीत, म्हणजे मालवाहू गाडीला यापुढं दरवर्षी पासिंग. किंमत यातूनच पाडायची.

३.००

एमआयडीसीत वेल्डिंगवाल्याकडे. पोरानं यादी आणलेली: बुलबार, स्नॉर्केल, टपावर दिव्यांची पट्टी, हौद्यात बाकडी. बुलबारला केंद्रानं डिसेंबर २०१७ मध्येच मनाई केलीय. स्नॉर्केल कशाला, नीरेला पूर आला तर तू पुलावरून जाणार की तळातून? बाकडी तर मुळीच नाही. मालाच्या हौद्यात माणसं बसवली आणि गाडी उलटली तर विमा कंपनी हात वर करेल, आणि तिचं चुकणार नाही.

मग कागदाच्या मागं वजनं मांडली. पाच माणसं, माणशी रोज पाच लिटर, तीन दिवसांचा साठा: ७५ किलो पाणी. गॅसची टाकी ३०. दोन स्टेपन्या ५०. डिझेल ४० लिटर, म्हणजे सुमारे ३४ किलो. जॅक, कॉम्प्रेसर, पट्टा, फावडं, फॅन बेल्ट, होज, डिझेल फिल्टर मिळून ४०. तंबू-भांडी १००. झाले सव्वातीनशेच्या वर. पाणी एका पिंपात नाही, वीस-वीस लिटरच्या कॅनमध्ये. एक फुटला तर तीन उरतात आणि वळणावर डचमळत नाही. जड सगळं तळाला, मागच्या चाकाच्या पुढं. टपावर काही नाही. एवढ्या वजनानं पाटे जरा बसतात आणि गाडी उड्या मारायची थांबते. वाढवलेला पाटा काढूनच टाकायचा.

जॅकखाली ठेवायला फूटभराची जाड फळी सांगितली. बन्नीच्या कडेला मीठफुटी जमीन, वर कोरडा पापुद्रा आणि खाली लोणी. तिथं नुसता जॅक गाडी उचलत नाही, स्वतःच खाली जातो. टायरची हवा १८-२० वर आणली तर गाडी तरते, पण डांबराला लागताना परत भरायची, नाहीतर टायरच्या बगला तापून फाटतात. आणि पाऊस पडला तर? आपल्या काळ्या रानात करतो तेच. चूल पेटवायची आणि वाफसा यायची वाट बघायची.

४.४५

शिर्सुफळ, त्याच तिघांना घेऊन. भोवत्या पक्षी मुक्कामाला गवतात उतरताना दिसले. लांडगा नाही. सतरा वेळा सेल्फ.

८.३०

जेवण झालं, पायमोज्यातली कुसळं अजून निघतायत. पोराचा फोन. मालकांनी किंमत खाली आणलीय, उद्या विसार द्यायला बोलावलंय, दहा वाजता.

म्हटलं, “दहाला नको. सहाला जा. न सांगता.”

“एवढ्या पहाटे? काय म्हणतील मामा ते?”

“म्हणू देत. आधी बॉनेटला हात लाव, मग रामराम घाल.”