फराळाचा डबा दुकानातच भरतो

'फराळ' हा शब्द 'फलाहार' या शब्दावरून आला. आज मात्र आपल्या फराळाच्या ताटात चकली, चिवडा, शेव, लाडू सारे असते. नसते ते फक्त फळ! दिवाळीचे चार दिवस सोडून देऊ; सणाला तळण हवेच. प्रश्न आहे तो उरलेल्या वर्षाचा. शाळेतून आलेले मूल दप्तर टाकून पहिला हात घालते तो डब्यात. आणि डब्यात असेल तेच त्याच्या पोटात जाते. म्हणून खरी निवड घरी नव्हे, वाण्याच्या दुकानात होते. एकदा घरात आलेल्या पुड्यावर पहारा करणे कोणत्या आईला जमले आहे?

दुकानात पुडा हाती घ्यावा आणि उलटा करावा. पुढची बाजू विकणाऱ्याची, मागची घेणाऱ्याची! घटकांची नावे वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावीत, असा नियमच आहे. पुढे ठळक अक्षरांत 'नाचणीची बिस्किटे' आणि मागच्या यादीत आधी मैदा, मग साखर, मग तेल, नाचणी पाचव्या जागी असेल, तर ती बिस्किटे कशाची हे सांगायला नको. मिठाचेही तसेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाच्या पोटात दिवसाकाठी ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ जावे. म्हणजे सोडियम २००० मिलिग्रॅमच्या आत. १०० ग्रॅममागे ८०० मिलिग्रॅम सोडियम असलेली शेव चहाबरोबर ५० ग्रॅम संपली, की दिवसाचा पाचवा हिस्सा तिथेच संपला. मुलांचा वाटा तर याहूनही कमी.

मग घ्यावे काय? आपल्या कोल्हापुरात चुरमुरे, फुटाणे आणि शेंगदाणे यांना तोटा नाही. नुसत्या चुरमुऱ्यांत प्रथिने थोडी. ती उणीव फुटाणे-शेंगदाणे भरून काढतात. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २४ ग्रॅम प्रथिने असतात. तेलही भरपूर असते, म्हणून मूठभरच पुरे. वर कांदा, टोमॅटो, काकडी चिरून लिंबू पिळावे आणि सोबत एखादे केळे किंवा पेरू द्यावा. अगदी लहान मुलांना मात्र अख्खे दाणे देऊ नयेत. ते घशात अडकतात. त्यांना कूट बरे.

राहता राहिला गूळ. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसविली, ती गुळाच्या व्यापाराने नावारूपाला आली. २०१४ साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकनही मिळाले. त्याचा अभिमान जरूर बाळगावा. पण 'गुळाचे म्हणजे बिनसाखरेचे' ही समजूत सोडावी. गूळ हीदेखील बहुतांशी साखरच. चिक्कीचा तुकडा गोड, पण तो तुकडाच असावा.

महिन्याची यादी करताना डाळ-तांदळाच्या खाली 'मुलांचा खाऊ' अशी मोघम ओळ लिहू नका. फुटाणे पाव किलो, दाणे अर्धा किलो, केळी डझनभर, असे नावानिशी लिहा. मोघम ओळीत काय भरायचे, ते दुकानदाराची फळी ठरविते. नावानिशी लिहिलेली यादी मात्र तुमचीच राहते.